दूरच्या संगणकाचें दार

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाकडे पाहणाऱ्या नवख्या माणसास त्या दुर्गाचें महाद्वार दिसत नाहीं. 25 नोव्हेंबर 1664 रोजीं शिवछत्रपतींनीं कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, त्या दुर्गाचा दरवाजा बुरुजांच्या वळणाआड असा दडविला आहे कीं, तटाजवळ गेल्याखेरीज तो ध्यानांत येत नाहीं. परंतु वाट ठाऊक आहे, परवलीचा शब्दही ठाऊक आहे, आणि तरीही दार उघडत नाहीं, असा प्रसंग 2018 सालीं एका निराळ्याच दुर्गावर आला. त्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

दूरच्या संगणकावर घरबसल्या काम करण्याची सोय मायक्रोसॉफ्टनें 1998 सालीं विंडोज एनटीच्या एका खास आवृत्तींत दिली, व 2001 सालच्या एक्सपीबरोबर ती सामान्य कचेऱ्यांत पोंचली. पलीकडच्या पडद्याचें चित्र इकडे येतें आणि आपल्या बोटांचे ठोके तिकडे जातात. दप्तर मात्र जागचें हलत नाहीं. आरंभीं येणाऱ्याची ओळख पटण्यापूर्वींच पलीकडचा पडदा त्याच्यापुढें उघडत असे. 2007 सालच्या व्हिस्टापासून आधीं ओळख, मग दर्शन, असा क्रम आला. ही ओळख पटविणाऱ्या पद्धतीचें नांव क्रेडएसएसपी.

या पद्धतींतच एक छिद्र सांपडलें. वाटेंत दबा धरून बसलेल्या तोतयास खऱ्या माणसाच्या ओळखीवर पलीकडील सर्व्हरकडून हुकूम पाळून घेतां येतील, असें तें होतें. 13 मार्च 2018 रोजीं त्यावरील उपाय प्रसिद्ध झाला. तो दोन्ही टोकांस करावयाचा होता. तथापि ज्यांनीं केला नाहीं त्यांच्याशींही दळणवळण तूर्त चालूं ठेविलें होतें. 8 मे रोजींच्या अपडेटनें ती सवलत संपली, आणि सुधारलेला संगणक न सुधारलेल्या सर्व्हरशीं बोलेनासा झाला.

आतां गंमत पाहा. घरचा संगणक अपडेट आपोआप घेतो. कचेरीचें काम खोळंबूं नये म्हणून सर्व्हरचें अपडेट मात्र लांबणीवर पडतें. म्हणजे नियम पाळणारा दाराबाहेर, आणि जुनाट संगणकवाला सुखेनैव आंत! शिवाय पडद्यावरील खुलासा इतका दुर्बोध कीं, सामान्य माणसानें आपला पासवर्डच चुकला असें समजावें.

वास्तविक येथें एक खूण उपयोगी पडते. ओळखीविषयीं तक्रार करणारा संदेश आला, तर दोन्ही टोकांची गांठ पडली आहे. भांडण आवृत्त्यांचें आहे. मुळीं उत्तरच येत नसेल, तर पलीकडचें यंत्र निजलें आहे, त्याचा पत्ता बदलला आहे, किंवा अपडेटनंतर त्याच्या फायरवॉलनें 3389 क्रमांकाचें द्वार लावून घेतलें आहे. या दुसऱ्या रोगास पहिल्याचें औषध देऊन कित्येक तास फुकट जातात.

समजा, मालवणास सुटीवर आलेल्या चाकरमान्याचा सर्व्हर मुंबईस आहे. तेथें कोणी असेल तर त्यानें अपडेट करावें, हा राजमार्ग. कोणी नसेल तर? आपल्याच संगणकाच्या रजिस्ट्रींत एक आंकडा बदलून आपला पहारा ढिला करतां येतो. हा उपाय तेव्हां सर्वत्र तोंडोतोंडीं झाला, आणि पुष्कळांनीं तोच रोगाचा शेवट मानला. आम्हांस हें मुळींच पटत नाहीं. पहारा ढिला करावा तो तासाभरापुरता. आंत शिरतांच सर्व्हर सुधारावा आणि आंकडा पूर्ववत् करावा. हा कडकपणा अनाठायीं नव्हता, हें 14 मे 2019 रोजीं दिसून आलें. याच दूरस्थ सोयींत दुसरें एक छिद्र निघालें, तें इतकें भयंकर कीं, 2014 सालींच वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठींही मायक्रोसॉफ्टला उपाय द्यावा लागला.

सर्व्हर सुधारला म्हणजे तो नव्यानें सुरू करावा लागतो. त्या क्षणीं मालवणच्या पडद्यावरील मुंबईची खिडकी मिटते, आणि ती पुन्हां उघडेपर्यंत वाट पाहत बसावें लागतें.