बालकांतील स्वयंप्रतिरक्षी यकृतशोथ

प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतपेशींवर उलटल्याने होणारा दीर्घकालीन विकार, मुलींत अधिक. पहिल्या प्रकारात रक्तात केंद्रकविरोधी व मृदुस्नायूविरोधी प्रतिपिंडे आढळतात. दुसरा प्रकार बहुधा आणखी लहान वयात, तीव्रपणे उद्भवतो. त्यातील एलकेएम-१ प्रतिपिंडे सीवायपी२डी६ या यकृतातील विकरावर रोखलेली असतात आणि या विकराचा काही भाग हेपेटायटिस-सी विषाणूच्या प्रथिनाशी जुळतो. विषाणूशी लढताना शरीराची गल्लत होत असावी, हा तर्क यावरूनच निघाला. १९९१ मध्ये इटलीतील संशोधकांना रुग्णांच्या काही नातेवाइकांत हेपेटायटिस-ए संसर्गानंतर हा आजार उद्भवलेला दिसला. एप्स्टाइन-बार विषाणूवरही संशय आहे. मात्र आनुवंशिक कल नसेल तर नुसता विषाणू पुरत नसावा.

दिल्लीसारख्या शहरात निदान अवघड होते, कारण तेथे मुलांची कावीळ बहुतेकदा दूषित पाण्यातूनच येते. १९५५-५६ मध्ये दिल्लीतील वझीराबादच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी शिरून शहरात सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हेपेटायटिस-ए नव्हती, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा सहभाग असलेल्या १९८० च्या अभ्यासातून कळले. पुढे ती हेपेटायटिस-ई ठरली.

कावीळ रेंगाळली किंवा उलटली, रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे वाढलेली असली, तर यकृताचा तुकडा तपासतात. प्रेडनिसोलोन व अझाथायोप्रिनने बहुतेक मुले सुधारतात. औषध घाईने थांबवल्यास आजार परततो. यकृत निकामी झाल्यास प्रत्यारोपण करावे लागते.