विद्यार्थी सवलत (ऑनलाइन खरेदीची मेंबरशिप)

वर्षाची किंवा महिन्याची ठरावीक वर्गणी घेऊन मोफत डिलिव्हरी, सेलमध्ये आधी प्रवेश, चित्रपट आणि गाणी अशा सोयी देणाऱ्या ऑनलाइन दुकानांनी तरुण ग्राहकांना वर्गणीत दिलेली सूट. बोलीत तिला ‘स्टुडंट ऑफर’ म्हणतात. भारतात मात्र यातली सर्वांत मोठी योजना वयावर चालते, कॉलेजच्या दाखल्यावर नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत शिकणाऱ्या मुलांपैकी कोणाला ही सूट मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे सगळे या एका फरकावर ठरते.

अशा मेंबरशिपचा ठळक नमुना म्हणजे ॲमेझॉनची ‘प्राइम’. ती अमेरिकेत फेब्रुवारी 2005 मध्ये वर्षाला 79 डॉलर दराने सुरू झाली आणि 2010 मध्ये तिथल्या कॉलेजच्या मुलांसाठी स्वतंत्र सवलत आली. विद्यापीठाचा ई-मेल पत्ता दाखवला की काम होत असे. भारतात ॲमेझॉनने जून 2013 मध्ये दुकान मांडले. पहिले मोठे गोदाम मुलुंडच्या पलीकडे, ठाण्यापुढच्या भिवंडीला होते. ‘प्राइम’ इथे जुलै 2016 मध्ये आली, तेव्हा सुरुवातीचा दर वर्षाला 499 रुपये होता. पुढच्याच वर्षी तो 999 झाला आणि डिसेंबर 2021 मध्ये 1,499. पाच वर्षांत वर्गणी तिप्पट झाल्यावर घरखर्चातून ती काढून देणे आईवडिलांनाही जाणवू लागले आणि 18 ते 24 वयोगटासाठीच्या ‘यूथ ऑफर’ची चौकशी वाढली.

या ऑफरची रीत नीट पाहण्यासारखी आहे. आधी पूर्ण वर्गणी भरायची. मग पॅन किंवा आधारसारखा जन्मतारखेचा पुरावा आणि स्वतःचा सेल्फी अपलोड करायचा. दोन्हींचा मेळ बसला की निम्मी रक्कम कॅशबॅक म्हणून ॲमेझॉन पेच्या बॅलन्समध्ये जमा होते. 1,499 च्या वार्षिक वर्गणीत 750 रुपये परत, म्हणजे हिशेबाने वर्ष 749 ला पडते. परत आलेले पैसे बँकेच्या खात्यात येत नाहीत, ते त्याच दुकानाच्या पाकिटात राहतात आणि तिथूनच खर्चावे लागतात. पॉकेटमनीवर चालणाऱ्या मुलाला एकदम दीड हजार उभे करणे हीच खरी अडचण असते, सूट नंतर मिळते. ज्याला सवलतीची गरज अधिक त्याच्यापर्यंत ती शेवटी पोचते, हा या रचनेतला उघड दोष आहे. दुकानाने पडताळणी आधी करून वर्गणीच निम्मी घेतली, तर तो सहज दूर होईल.

पुराव्यावरचे नाव आणि खात्यावरचे नाव एकच असावे लागते. उपनगरातल्या कितीतरी घरांत खाते वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या मोबाइल नंबरवर असते आणि पत्ते, जुन्या ऑर्डरी, परताव्याची नोंद सगळी तिथेच साठलेली असते. मुलीने आपल्या नावाने वेगळे खाते उघडले की सूट मिळते; मग आजीच्या गुडघ्याच्या पट्ट्यापासून धाकट्याच्या कंपासपेटीपर्यंत घराची सगळी खरेदी तिच्या खात्यावरून होऊ लागते.

वयाच्या अटीने दोन्ही टोकांचे विद्यार्थी बाहेर पडतात. महाराष्ट्रात अकरावी-बारावी बहुधा ज्युनियर कॉलेजात असते. घाटकोपरचे झुनझुनवाला, विद्याविहारचे सोमय्या, मुलुंडचे वझे-केळकर किंवा अंधेरीचे भवन्स अशा कॉलेजांच्या आवारात सोळा-सतरा वर्षांची मुले पदवीच्या मुलांबरोबरच वावरतात, त्यांच्याही गळ्यात कॉलेजचे ओळखपत्र असते. पण ती अठराची झालेली नसतात. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, त्यामुळे त्यांच्या नावे वर्गणीच होत नाही. दुसऱ्या टोकाला आर्टिकलशिप करत सीएच्या परीक्षा देणारे, एमपीएससीची तयारी करणारे, एमबीबीएसनंतर एमडीला बसलेले आणि पीएचडीचे विद्यार्थी. पंचविशी गाठली की ते शिकत असले तरी या योजनेच्या लेखी विद्यार्थी राहत नाहीत. उलट बारावीनंतर शिक्षण सोडून मरोळच्या किंवा साकीनाक्याच्या गाळ्यात कामाला लागलेल्या वीस वर्षांच्या मुलाला हीच सूट बिनबोभाट मिळते. ही बाजू योजनेच्या भल्याची आहे. शिक्षण सुटलेल्या तरुणाला एरवी कोणी कसलीच सवलत देत नाही. पुढे अमेरिकेतही ॲमेझॉनने 18 ते 24 वयाच्या, न शिकणाऱ्या तरुणांना निम्म्या दरात सामावून घेतले.

कॉलेजच्या शिक्क्यावर चालणाऱ्या सवलतीचा अनुभव या भागाला फार जुना आहे आणि तो रेल्वेचा आहे. लोकलच्या पासात विद्यार्थ्याला साधारण निम्मी सूट असते. त्यासाठी कॉलेजच्या ऑफिसातून ‘कन्सेशन’चा फॉर्म घ्यायचा. त्यावर नाव, जन्मतारीख, घराजवळचे आणि कॉलेजजवळचे स्टेशन, वर्ग आणि मुदत भरलेली असते, खाली सही आणि गोल शिक्का. तो फॉर्म मुदतीत तिकीट खिडकीवर दिला की पास हातात येतो. बोरिवलीहून अंधेरीला येणारी मुलगी पहिल्या वर्षापासून हे शिकते. रेल्वेच्या नियमातही वयाची मर्यादा आहेच, सर्वसाधारण विद्यार्थ्याला 25 वर्षांची. पण संशोधक विद्यार्थ्याला ती 35 पर्यंत वाढवून मिळते. शिक्षण लांबते हे रेल्वेने ओळखले आहे, ऑनलाइन दुकानांनी अजून नाही. अंधेरी, बोरिवली, दहिसर जोडणाऱ्या मेट्रो 2अ आणि 7 वर 1 मे 2023 पासून 25 टक्के सूट सुरू झाली, ती बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना. म्हणजे मेट्रोची सूट साधारण जिथे संपते तिथे ऑनलाइन मेंबरशिपची सुरू होते.

शिक्षणाचा पुरावा मागणाऱ्या ऑनलाइन सेवाही आहेत, त्या मुख्यतः गाणी आणि व्हिडिओच्या. स्पॉटिफायसारखी कंपनी विद्यार्थी पडताळणीचे काम शीअरआयडी या अमेरिकन संस्थेकडून करून घेते. तिथे कॉलेजचे नाव यादीतून निवडायचे आणि जरूर पडल्यास ओळखपत्र किंवा फीची पावती अपलोड करायची. आयआयटीत किंवा मोठ्या खासगी विद्यापीठात प्रत्येकाला संस्थेचा ई-मेल मिळतो. मुंबई विद्यापीठाशी संलग्न सगळ्याच कॉलेजांत तशी सोय नसते. मग मराठीत छापलेले किंवा वर्ष न लिहिलेले ओळखपत्र परदेशी यंत्रणेपुढे टिकेल की नाही याची धाकधूक उरते. अशा वेळी ऑफिसातून इंग्रजी बोनाफाईड काढून घेणे बरे.

वर्गणी भरून एकत्र खरेदी करण्याची कल्पना उपनगरांना ॲपने शिकवली असे समजण्याचे कारण नाही. 1975 पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचे ‘ग्राहक भवन’ विलेपार्ल्यात कूपर हॉस्पिटलच्या मागे आहे. शेजारपाजारच्या सभासद कुटुंबांचे संघ करायचे, महिन्याची यादी आधी द्यायची, माल घाऊक घेऊन संघाच्या दारात आणायचा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. तिथे सभासद वाटपाला स्वतः हजर असतो आणि वस्तूच्या निवडीत त्याचा शब्द चालतो. ॲपच्या मेंबरशिपमध्ये सोय मोठी आहे, हा अधिकार नाही. ॲपची मेंबरशिप नेहमी वर्गणीवरच चालते असेही नाही. फ्लिपकार्टने 2014 मध्ये 500 रुपये वर्गणीची ‘फर्स्ट’ काढली होती, पण 15 ऑगस्ट 2018 ला आणलेली ‘प्लस’ खरेदीवर मिळणाऱ्या कॉइनवर चालवली. तिला वर्गणीच नसल्यामुळे विद्यार्थ्याला निम्मी करून देण्यासारखे काही उरले नाही.

निम्म्या दरातही मेंबरशिप परवडते का, याचा हिशेब सोपा आहे. छोट्या ऑर्डरीवर 40 रुपये डिलिव्हरी धरली, तर 749 रुपये वसूल व्हायला वर्षात एकोणीस छोट्या ऑर्डरी लागतात. पुस्तके, झेरॉक्स आणि जर्नल कॉलेजच्या गल्लीत मिळत असताना एकट्या विद्यार्थ्याच्या इतक्या ऑर्डरी क्वचितच होतात. घर मिळून सहज होतात, आणि व्हिडिओ पाहायचा असेल तर प्रश्नच मिटतो. वयात न बसणाऱ्यांसाठी जून 2023 मध्ये आलेली ‘प्राइम लाइट’ आधी 999 आणि मग 799 रुपयांना मिळू लागली. यूथ ऑफरच्या दरात आणि तिच्यात जेमतेम पन्नास रुपयांचा फरक, सोयी मात्र कमी.

मोफत डिलिव्हरीचा अर्थही सगळीकडे एक नाही. मुलुंड पूर्वेच्या 400081 या पिनकोडमध्ये पार्सल वॉचमनकडे नोंदून थेट दारात येते. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर पायऱ्यांची वाट असल्यामुळे डिलिव्हरीवाला खालच्या रस्त्यावरून फोन करतो आणि लेक्चरला गेलेल्या मुलाऐवजी घरातले कोणीतरी खाली उतरते. तिथली मुले पत्त्यात मंदिराची किंवा दुकानाची खूण घालतात आणि शेजारच्यांचा नंबरही देतात.

वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, हे घेतानाच लक्षात ठेवावे. पंचवीस पूर्ण झाल्यावर नूतनीकरण पूर्ण दराने पडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे वळते होण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते आणि तेव्हा नकार देता येतो. ती सूचना जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर गेली तर उपयोग नाही. वर्गणी रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवणे हा नोव्हेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘डार्क पॅटर्न’च्या तेरा प्रकारांपैकी एक आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचे असते. कॅशबॅक अडकला तर पुराव्याचा आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट ठेवून आधी तिथे लिहावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि ती ऑनलाइनही दाखल होते.