लोणचे-मुरंब्यासाठी जुन्या बरण्या: कोणत्या चालतात, कशा स्वच्छ कराव्यात, धोका कसा ओळखावा

कैरीचे किंवा लिंबाचे लोणचे, मोरावळा, साखरांबा घालायची वेळ आली की जॅम, कॉफी, मध यांच्या रिकाम्या झालेल्या बरण्या बाहेर निघतात. काचेची चांगली बरणी पुन्हा वापरायला हरकत नाही. मात्र बरणी स्वच्छ आहे एवढ्यावर आतला पदार्थ सुरक्षित ठरत नाही. तो टिकतो मीठ, साखर आणि आंबटपणामुळे. बाहेरचा ओलावा, धूळ आणि बुरशी आत जाऊ न देणे एवढेच बरणीचे काम.

कोणती बरणी वापरावी?

• काच: तडा किंवा काठाला टवका नसलेली काचेची बरणी सर्वांत चांगली.
• झाकण: आतून गंजलेले, रंग उडालेले किंवा ढिले झालेले झाकण वापरू नये. मीठ आणि आंबटपणामुळे पत्रा लवकर गंजतो. बरणी चांगली असेल तर फक्त झाकण नवे घ्यावे.
• चिनीमाती: खाद्यपदार्थांसाठी बनवलेली, आतून शाबूत बरणी चालते. आतली चकाकी तडकलेली किंवा उडालेली असेल, अथवा भांडे शोभेचे असेल तर लोणचे घालू नये. काही जुन्या व शोभेच्या भांड्यांच्या चकाकीत शिसे असते आणि ते आंबट पदार्थात उतरू शकते. लहान मुले व गर्भवती यांना शिसे जास्त घातक आहे.
• प्लास्टिक: पाण्याच्या, शीतपेयांच्या बाटल्या आणि पातळ डबे उकळता येत नाहीत, आणि आतल्या चरांमध्ये घाण राहते. लोणच्यासाठी ते टाळावेत.
• फिनेल, कीटकनाशक, रंग किंवा औषध ठेवलेली बाटली कितीही धुतली तरी खाण्याच्या पदार्थासाठी वापरू नये.

बरणी कशी तयार करावी?

१. साबण व गरम पाण्याने बरणी घासावी. झाकणाच्या आट्यांमध्ये आधीच्या पदार्थाचे कण राहू देऊ नयेत.
२. मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडके घालून त्यावर बरणी ठेवावी. ती बुडेल इतके साधे पाणी घालून मग गॅस लावावा. थंड बरणी एकदम उकळत्या पाण्यात टाकली तर तडकते.
३. पाणी उकळू लागल्यावर १० मिनिटे उकळू द्यावे.
४. बरणी स्वच्छ फडक्यावर उपडी ठेवून पूर्ण कोरडी करावी. उन्हात ठेवल्यास उत्तम, पण नुसते ऊन दाखवणे किंवा हिंगाची धुरी देणे हा उकळण्याला पर्याय नाही.
५. गरम पाक थंड बरणीत ओतू नये. लोणचे काढताना चमचा नेहमी कोरडा असावा.

खरा धोका कुठे असतो?

मातीत आढळणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू लसूण, मिरची, भाज्या यांवर असू शकतात. साध्या उकळण्याने ते मरत नाहीत. जिथे हवा नाही आणि आंबटपणाही कमी आहे, तिथे हा जिवाणू वाढून विष तयार करतो. या विषामुळे होणारा बोट्युलिझम हा आजार क्वचित आढळतो, पण तो जीवघेणा ठरू शकतो.

पदार्थाचा पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर हा जिवाणू वाढत नाही. कैरी आणि लिंबू मुळातच पुरेसे आंबट असतात. लसूण, मिरची, गाजर, फ्लॉवर हे आंबट नाहीत. त्यांच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर हवे. वरचा तेलाचा थर बुरशी रोखतो, पण हवाही रोखतो. म्हणून नुसत्या तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा. कोळंबी, मासे किंवा चिकनचे लोणचेही फ्रिजमध्येच ठेवावे.

घरात रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर

अनेक घरांत रुग्णासाठी लोणच्यातले मीठ किंवा मुरंब्यातली साखर कमी केली जाते. हेतू चांगला असतो, पण पदार्थ टिकवणारी गोष्टच त्यामुळे कमी होते. असा पदार्थ लहान बरणीत थोडाच करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि काही दिवसांत संपवावा. वर्षभराचे लोणचे नेहमीच्या प्रमाणानेच घालावे आणि रुग्णाच्या पानात किती वाढायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.

एक वर्षाखालील बाळाला मध, किंवा मधात मुरवलेला आवळा, चाटवण्यापुरताही देऊ नये. मधातील याच जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो.

बरणी केव्हा टाकून द्यावी?

झाकण फुगले असेल, उघडताना फेस किंवा गॅस जोरात बाहेर आला, वास बदलला किंवा बुरशी दिसली, तर चव घेऊन पाहू नये. वरची बुरशी काढून खालचे खाणेही सुरक्षित नाही, कारण बुरशीचे धागे व विषारी द्रव्ये खोलवर पोहोचलेली असू शकतात. बोट्युलिझमचे विष असलेला पदार्थ मात्र दिसायला आणि चवीला अगदी चांगलाही असू शकतो. म्हणूनच बनवतानाची काळजी महत्त्वाची.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा जावे?

खाल्ल्यानंतर साधारण १२ ते ३६ तासांत, कधी काही दिवसांनीही, पुढील लक्षणे दिसू शकतात:

• एकाचे दोन दिसणे, पापण्या जड होऊन खाली येणे
• बोलणे अडखळणे, गिळायला त्रास, तोंड कोरडे पडणे
• मान, हात आणि मग पाय अशक्त होणे
• श्वास घ्यायला त्रास

बहुधा ताप नसतो आणि रुग्ण शुद्धीवर असतो, त्यामुळे घरचे थांबून पाहतात. तसे थांबू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे आणि उरलेली बरणी झाकण लावून सोबत न्यावी. या विषावर प्रतिविष असते. ते जितक्या लवकर मिळेल तितका लाभ अधिक. ज्यांनी तोच पदार्थ खाल्ला आहे त्यांनीही, लक्षणे नसली तरी, लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.