ताण, जुनाट वेदना व शरीराचे वजन
मनावरील ताण आणि तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना यांमुळे भूक, हालचाल व ऊर्जाव्यय बदलून वजनात होणारा चढउतार. ताणाची शरीरशास्त्रीय संकल्पना हॅन्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये मांडली. तात्कालिक ताणात ॲड्रेनॅलीन भूक मारते. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल ती वाढवू शकते व चरबी पोटाभोवती साठते (पहा : अधिवृक्क ग्रंथी). वेदनेने झोपमोड होते, स्नायू झिजतात. काहींची अन्नवासनाच जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (हैदराबाद) २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीला जड कामासाठी रोज २,७२०, तर बैठ्या कामासाठी १,६६० किलोकॅलरी लागतात. मसुऱ्यासारख्या (ता. मालवण) भातशेतीच्या गावात वाकून लावणी करणाऱ्या बाईची कंबर धरली, की तिची गरज दुसऱ्या आकड्याकडे सरकते, पेज-भाताचे माप तेच राहिल्यास वजन वाढते (पहा : कंबरदुखी, चयापचय).