जकात आणि जकातदार

आम्ही भडगावचे. गिरणाकाठच्या आमच्या घरांत ‘जकात’ हा शब्द रमजानमध्ये हमखास कानी पडायचा. वर्षभराच्या शिलकीतून अडीच टक्के गोरगरिबांचा हक्क म्हणून बाजूला निघायचे. मालाच्या गाडीवाल्यांच्या तोंडी मात्र हाच शब्द शिवीसारखा यायचा. त्यांची जकात म्हणजे नाक्यावर अडवून घेतलेला पैसा. पुढे मराठी बायबल वाचले, तेव्हा तिथे जकातदार पापी माणसांच्या रांगेत उभे दिसले. इस्लामचा एक स्तंभ असलेला हा शब्द खलनायकाच्या कपाळी कसा आला?

दोष भाषांतरकारांचा नाही. हा शब्द त्यांच्या आधीच नाक्यावर पोहोचला होता. मुस्लिम राजवटींत व्यापारी मालावरच्या वसुलीला जकातीचे नाव मिळाले. १६६५ साली औरंगजेबाने मुस्लिम व्यापाऱ्यांकडून अडीच आणि हिंदू व्यापाऱ्यांकडून पाच टक्के घेण्याचा हुकूम काढला. आकडा जकातीचा, पण पैसा सरकारी तिजोरीचा! मराठेशाहीत आणि इंग्रजी अमलातही शब्द तोच राहिला.

हजरत ईसा (अलै.) यांच्या काळी रोमन सत्तेखाली जकातीचा मक्ता देत. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरायची, वर उकळेल ते त्याचे. ही रीत आपल्याकडेही होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने जात आणि रयत नागवली जाई. कंपनी सरकार आले तरी धास्ती सरली नाही. १८५२ साली जमीनमोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी उठले. म्हणून इंजीलमधला जकातदाराचा तिटकारा खानदेशी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

पण इंजील तिटकाऱ्यावर थांबत नाही. कफर्णहूमच्या नाक्यावर बसलेला मत्तय शिष्य होतो. यरीहोचा श्रीमंत मुख्य जकातदार जक्कय झाडावर चढून ईसांना पाहतो आणि त्याच दिवशी अर्धी मालमत्ता गरिबांना, तर लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल करतो. हजरत याह्या (अलै.) जकातदारांना धंदा सोडायला सांगत नाहीत, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतात. खलनायकाला परतीची वाट आहे, पण ती हिशेब चुकता करूनच!

आमच्या परंपरेतही हेच आहे. नाक्यावरच्या जुलमी वसुलीला हदीसमध्ये ‘मक्स’ म्हटले आहे आणि ते घोर पाप मानले आहे. तरी सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, खरी तौबा केली तर मक्स घेणाऱ्यालाही माफी आहे. उलट, जकात गोळा करणाऱ्याचा मेहनताना कुरआनाने मान्य केला आहे. पण वसुलीला गेलेल्या एकाने ‘हे मला भेट मिळाले’ म्हणताच पैगंबरांनी (सल्ल.) त्याला सुनावले : घरी बसला असतास तर ही भेट आली असती का?

म्हणजे दोन्हीकडे खलनायक ठरते ते कृत्य, जात किंवा जमात नव्हे. हे विसरल्यामुळेच इंजीलमधल्या परूशांच्या नावाने पुढे युरोपात अख्ख्या यहुदी समाजाला शतकानुशतके खलनायक ठरवले गेले. मराठी कथा-कादंबऱ्यांतला ठरावीक मुसलमान खलनायक आम्हाला बोचतो, त्याचे कारणही हेच.

राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ साली उठली, मुंबईची २०१७ साली. नाके गेले. ‘जकातदार’ या शब्दावर रागावण्यापेक्षा आमच्या घरांतून निघणारी जकात हक्कदारांपर्यंत पूर्ण पोहोचते का, एवढे आपण पाहिले तरी त्या शब्दाची आब राहील.