गुडघाभर पाणी

भूगावात राहणाऱ्या माणसाने "मी वॉटरप्रूफ हाऊसिंग शोधतोय" असं जिन्यात उभं राहून फोनवर म्हणू नये. शेजारच्या काकांनी ते ऐकलं आणि संध्याकाळी गच्चीची गळती बंद करून देणाऱ्या दोन कंत्राटदारांचे नंबर घेऊन ते दारात हजर! त्यांची तरी काय चूक? चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने इकडे आलं की दोन्ही बाजूंना नुसत्या हाऊसिंग सोसायट्या, आणि मुळशीचा पाऊस असा की वरच्या मजल्यावरच्या प्रत्येकाच्या छताला ओल. मला हवं होतं ते हाऊसिंग वेगळं होतं. कॅमेरा आत ठेवून लाटांमध्ये न्यायचं खोकं.

समुद्रापासून एवढं लांब राहून हे खूळ कुठून आलं, तर ताईच्या मुलीकडून. ती गेली तीन वर्षं सुट्टी मिळाली की गोव्याला आश्वेला जाते आणि लाटांवर फळी घेऊन उभी राहते. (दोन वर्षं नुसतीच पडत होती, आता उभी राहते.) मागच्या हिवाळ्यात मी किनाऱ्यावरून तिचे दीडशे फोटो काढले. ते बघून ती म्हणाली, "मामा, सगळ्या फोटोंत मी मुंगीएवढी आहे आणि लाट नुसती सपाट रेघ दिसतेय. तू पाण्यात का येत नाहीस?"

मुद्दा बिनतोड होता. किनाऱ्यावरून लाटेची उंची कळतच नाही. फळीवरच्या माणसाला ती कशी दिसते, ते लाटेच्या समोर छातीभर पाण्यात उभं राहिल्याशिवाय समजत नाही. पोहता मला येतं. प्रश्न कॅमेऱ्याचा होता. आणि कॅमेरा पाण्यात न्यायच्या नुसत्या विचाराने माझ्या पोटात गोळा येतो. त्याला कारण आहे.

2011 साली आम्ही सगळे मालवणला गेलो होतो. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. आयुष्यात कधी समुद्रात न उतरलेला माणूस, पण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मासे दाखवतात म्हटल्यावर मास्क लावून टायर धरून उतरला. मी एका पारदर्शक पिशवीत छोटा कॅमेरा घालून त्यांच्या शेजारी तरंगत होतो. त्या पिशवीवर 'पाच मीटर' असं छापलेलं होतं. बाबांच्या नाकासमोरून मासे गेले, बाबांनी पाण्याखालून माझ्याकडे बघून अंगठा वर केला, हे सगळं मी टिपलं. पिशवी तासभर कोरडी ठणठणीत. मग आम्ही किनाऱ्यावर आलो, गुडघाभर पाण्यात मी चपला शोधत उभा होतो, एक फुटकळ लाट येऊन पिशवीवर आपटली, आणि आत पाणी. त्यानंतरचा मूर्खपणा माझाच. कार्ड लगेच काढून गोड्या पाण्यात धुवायचं सोडून मी कॅमेरा तसाच तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. दोन दिवसांत खाऱ्या पाण्याने कार्डाचे पितळी पाय खाल्ले होते. एकही फोटो निघाला नाही. बाबा 2014 साली गेले. तो वर केलेला अंगठा मी ताईला कितीदा तरी नुसता हाताने करून दाखवला आहे.

तर तेव्हापासून एक कोडं डोक्यात होतं. तासभर पाण्यात असताना जे गळलं नाही ते गुडघाभर पाण्यात का गळलं? खोकं शोधायच्या निमित्ताने मी या खोक्यांचा इतिहास वाचायला घेतला आणि कोड्याचं उत्तर तिथे मिळालं.

सुरुवात 1856 ची. म्हणजे आपल्याकडे बंडाच्या आदल्या वर्षी. इंग्लंडमधल्या वेमथ इथल्या विल्यम थॉम्सन नावाच्या वकिलाने एका खोक्यात कॅमेरा घातला, होडीतून दोरीने अठरा फूट खाली सोडला, आणि दहा मिनिटं काच उघडी ठेवली. खोकं गळलं, कॅमेऱ्यात समुद्राचं पाणी शिरलं, तरी काचेवर अंधूक का होईना, चित्र उमटलं. पाण्याखालचा पहिला फोटो तो हाच मानतात. म्हणजे या विद्येचा जन्मच गळतीतून झाला म्हणायचा! वकीलसाहेबांनी नंतर तो नाद पुढे नेला नाही. त्यांची मनःस्थिती मी समजू शकतो.

मग 1893 मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स इथे लुई बुताँ नावाचा प्राणिशास्त्रज्ञ. त्याचं खोकं त्याच्या भावाने बनवलं होतं, आणि त्या भावाची एक युक्ती मला फार आवडली. खोक्याला त्याने हवेने भरलेला रबरी फुगा जोडला. खोक्याबरोबर फुगाही खाली जाणार, पाण्याचा दाब तो दाबणार, आणि फुग्यातली हवा खोक्यात शिरून आतला दाबही वाढवणार. आतबाहेर सारखाच दाब असेल तर पाणी आत घुसेल कशाला? दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, त्यामुळे पाणबुड्यांच्या दृष्टीने शत्रू एकच, खोली. पुढची कितीतरी वर्षं पाण्यातली खोकी बनवणारे लोक खोलीशीच लढत होते. आजही खोक्यावर जो आकडा ठळक छापलेला असतो, तो मीटरचा. माझ्या त्या पिशवीवरही तोच होता.

लाटांवरची मंडळी वेगळ्याच वाटेने आली. हवाई बेटांवर वायकीकीला टॉम ब्लेक नावाचा एक पोहणारा 1930 च्या आसपास आपल्या भल्याथोरल्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी खोकं बनवून फळीवरून लाटांमध्ये शिरला. 1935 मध्ये त्याचे फोटो 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये छापून आले. त्याआधी लाटेवरच्या माणसाचे फोटो म्हणजे माझ्यासारखेच, वाळूत उभं राहून काढलेले. (फळीखाली पहिल्यांदा माशासारखा पर बसवला तोही याच ब्लेकने, 1935 मध्येच. काही माणसांना स्वस्थ बसवत नाही.)

ब्लेकचं पाहून कॅलिफोर्नियातल्या जॉन 'डॉक' बॉलने तेच सुरू केलं. हा पेशाने दातांचा डॉक्टर. दिवसा लोकांच्या तोंडात वाकून काम करायचं आणि उरलेल्या वेळात लाटेच्या तोंडात शिरायचं! 1946 मध्ये त्याने आपल्या फोटोंचं पुस्तक काढलं. 1960 च्या दशकात लिरॉय ग्रॅनिस आला. त्याचं रबराचं अस्तर असलेलं खोकं असं होतं की लाटांमध्येच, किनाऱ्यावर परत न येता, फिल्म बदलता यायची. आणि जॉर्ज ग्रीनो तर कहर. सुमारे बारा-तेरा किलोचा सिनेकॅमेरा खोक्यासकट खांद्यावर बांधून तो लाटेच्या नळीत शिरायचा. 'क्रिस्टल व्हॉयेजर' (1973) या चित्रपटात त्याने आतून टिपलेली लाट आहे, पिंक फ्लॉइडच्या संगीतावर. जमलं तर जरूर बघा, आणि आवाज मोठा ठेवून बघा.

या कुणालाच खोल जायचं नव्हतं. त्यांची भानगड वेगळी होती. लाट आपटते. ती खोक्याला दाबत नाही, हिसके देते. एका क्षणी वरून, दुसऱ्या क्षणी बाजूने.

आता कोड्याच्या उत्तराकडे येतो. त्यासाठी स्वयंपाकघरात चला.

1937 साली नील्स ख्रिस्टेन्सन नावाच्या, डेन्मार्कहून अमेरिकेत आलेल्या म्हाताऱ्याने वयाच्या बहात्तराव्या वर्षी एका रबरी कडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट 1939 मध्ये मिळालं. आपण जिला ओ-रिंग म्हणतो ती ही. गोल रबरी कडी, खाचेत बसवलेली. आजच्या बहुतेक कॅमेऱ्याच्या खोक्यांच्या झाकणाला हीच असते. तिची खुबी अशी की दाब आला की ती स्वतःच फटीत घुसून बसते, आणि दाब जेवढा जास्त तेवढी घट्ट. कुकर आठवा. गॅसवर ठेवल्यावर सुरुवातीला रिंगमधून फुसफुस वाफ येते. दाब धरला की फुसफुस बंद. ज्या कुकरचं झाकण आतून बसतं, त्यात तर दाबच झाकण वर रेटून धरतो. रिंग जुनी झाली की आमची ही झाकणावर उलथन्याने एक टोला मारते आणि दाब धरेपर्यंत उभी राहते. एकदा धरला की मग काळजी नाही.

म्हणजे कडीची खरी परीक्षा दाब नसताना असते. उथळ पाण्यात! खोल पाणी स्वतःच झाकण आवळून धरतं. पहिल्या दोन-तीन फुटांत झाकण धरायला फक्त खटके आणि कडीचा मूळचा ताण, आणि तिथेच लाट हिसके देते. एखादा केस, वाळूचा एक कण तेवढ्याला पुरतो. पिशवीला अशी कडी नव्हती, नुसती दुमडून दाबायची पट्टी होती. पण हिशोब तोच. बाबांबरोबर तरंगताना पाणी ती पट्टी सगळीकडून दाबून धरत होतं. चपला शोधताना ती पाण्याच्या वर होती, मोकळी. ज्या आकड्यावर विसंबून मी ती घेतली, तो आकडा मला लागणाऱ्या पाण्याबद्दल काही सांगतच नव्हता.

हे कळल्यावर निवड सोपी झाली असं वाटेल. तशी ती झाली नाही. पिशव्या पहिल्याच फेरीत बाद. मग मोह पडला जुन्या निकोनॉसचा. बेल्जियमच्या जाँ द वूटर्सने कूस्तोसाठी घडवलेला 'कॅलिप्सो' कॅमेरा निकॉनने 1963 पासून या नावाने विकला. त्याला खोकंच नको, कॅमेरा हेच खोकं. आता तो जुनाच मिळतो, कारण 2001 मध्ये तो बंद झाला. पण फिल्मचा, अंतर डोळ्यांनी अजमावून फोकस करायचा, आणि छत्तीस फोटो झाले की किनाऱ्यावर. माझ्या अंदाजाचं गणित घरात सगळ्यांना माहीत आहे. राहू दिला.

गोप्रोबद्दल ताईचा आग्रह होता. त्याचा जन्मही लाटांवरच झाला. निक वुडमनला लाटेवरचे आपले आणि मित्रांचे फोटो काढायचे होते, आणि 2004 मधला त्यांचा पहिला कॅमेरा मनगटाला बांधायचा साधा फिल्मचा होता, प्लॅस्टिकच्या खोक्यातला. आता तर त्याला खोकंही लागत नाही. पण त्याची नजर फार रुंद. फळीवर लावून स्वतःचा फोटो काढायला तो उत्तम, पंधरा फुटांवरची भाची मात्र पुन्हा मुंगी. (अगदी अंगावर आली तर छान येईल. पण मग फळीही माझ्या अंगावर येईल.)

उरली दोन. पाणबुड्यांची ॲल्युमिनियमची खोकी सुंदर असतात, अक्षरशः दागिना. खाली चांगली खोल जातात आणि प्रत्येक बटणाला बाहेरून बटण. पण हातात धरून लाटेखाली बुडी मारायला जड, आणि जितकी बटणं तितक्या कड्या, तितक्या गळतीच्या जागा. लाटांसाठीची खोकी त्यामानाने गरीब दिसतात. साधारण दहा मीटरपर्यंतचीच हमी, बटणं मोजकी, पण हलकी, तरंगणारी, बाजूला मूठ आणि मुठीला घोडा, मनगटाला दोरी. हीच घ्यायची हे ठरलं. किंमत बघून मात्र बसलोच. नवं खोकं माझ्या कॅमेऱ्यापेक्षा महाग! शिवाय ते एकाच मॉडेलच्या मापाचं असतं, कॅमेरा बदलला की खोकं अडगळीत. तेव्हा उलटा विचार केला. कुणाचं तरी अडगळीतलं खोकं आधी शोधलं आणि त्यात बसेल असा जुना कॅमेरा नंतर घेतला. दोन्ही मिळून नव्या खोक्याच्या निम्म्यात झालं.

आणि मग परीक्षा. आत कॅमेरा न ठेवता टिश्यू पेपरच्या घड्या ठेवायच्या, ही जाणत्यांची रीत. पिरंगुटजवळ एका मित्राच्या शेतात विहीर आहे. खोकं जाळीच्या पिशवीत घातलं, जोडीला दोन दगड, आणि दोरीने वीसेक फूट खाली सोडलं. थॉम्सन वकिलासारखेच आम्ही दोघे काठावर बसलो. अर्ध्या तासाने काढलं. टिश्यू कोरडा. मित्र म्हणाला, "झालं की! आता पेढे दे."

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावावर गेलो. तेच खोकं दोन्ही हातांत धरून पाण्यावर दाणदाण आपटलं, उड्या मारल्या. तलावावरची पोरं खेळ थांबवून बघायला लागली. पाणी माझ्या कमरेएवढं. दहा मिनिटांनी उघडलं तर टिश्यूचा एक कोपरा भिजलेला. मला इतका आनंद झाला की रक्षकाला वाटलं काही सापडलं असावं.

कडी काढून बघितली. वर्षानुवर्षं खटके लावून ठेवल्याने ती एका बाजूला चपटी झाली होती. विहिरीतल्या पाण्याने तिला आवळून धरलं, तलावातल्या पाण्याने तिला उघडं पाडलं. नवी कडी मागवली, खाच कानातल्या काडीने पुसली, सिलिकॉनचं ग्रीस बोटावर मावेल एवढंच लावलं (जास्त लावलं की वाळू चिकटते) आणि पुन्हा तलाव. तीनदा. तिन्ही वेळा कोरडा. आता घरात ठेवताना खटके उघडे ठेवतो.

पुढच्या शुक्रवारी आश्वेला निघतोय. भाचीने सांगून ठेवलंय की लाट येण्याआधी काचेला जिभेने चाटायचं, म्हणजे थेंब न साचता पाण्याचा एकसारखा पापुद्रा राहतो. या वयात हेही करायचं! ताईही येते आहे. ती पाण्यात उतरत नाही, पण या वेळी मास्क लावून बघते म्हणाली. तिच्यासाठी किनाऱ्याजवळ, गुडघाभर पाण्यात, मी आधी थोडा वेळ थांबणार आहे.