भीती वाढवते ती कळ खोटी नसते

मित्रहो, मागच्या वेळी आपण देकार्तपाशी थांबलो होतो. त्याचा मानवदेहावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली फ्रेंचमध्ये छापला गेला. त्यात वेदनेचं एक चित्र आहे. पाय विस्तवाजवळ गेला की आत एक दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. जेवढी इजा, तेवढी वेदना. हिशोब सरळ होता, आणि आपण तो फार काळ खरा मानला.

या हिशोबाला तडे कुठे गेले? एक बाळंतिणीच्या खोलीत. १९३३ साली ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने मांडलं की भीतीने शरीर आखडतं, आखडल्याने दुखतं आणि दुखलं की भीती आणखी वाढते. दुसरा तडा रणांगणावर. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरला दिसलं, की गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना वेदनाशामक नको होतं. जखम मोठी, पण जीव वाचला होता ना! पुढे १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी सांगितलं, की मज्जारज्जूत जणू एक दार असतं आणि ते उघडण्या-मिटण्यात मेंदूचाही हात असतो.

आता आजच्या ओपीडीत येऊ. तांबी बसवायची असते, किंवा दुर्बिणीतून गर्भाशय तपासायचं असतं. बाई तासभर बाहेर बसून असते, आत काय होणार हे कुणी सांगितलेलं नसतं. ही धास्ती कळ वाढवू शकते, हे खरंच आहे.

पण इथे आपली एक गफलत होते, बरं का. ‘भीतीने वेदना वाढते’ या वाक्याचं हळूच ‘तू घाबरलीस म्हणून दुखलं’ असं होतं. पहिलं वाक्य कारण सांगतं, दुसरं दोष देतं. डिक-रीडच्या विचारातही हा धोका होताच: कळा सोसवल्या नाहीत, तर बाईच कमी पडली. खरं म्हणजे गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरलं, ताणलं, तर न घाबरणारीलाही कळ येऊ शकते.

भीती हे कारण असेल, तर ती कमी करणं हे उपचाराचंच काम झालं. आधी नीट सांगणं, बधिरतेचं औषध देऊ करणं, ‘थांबा’ म्हटल्यावर थांबणं. अमेरिकेच्या सीडीसीने २०२४ साली सांगितलं, की तांबी बसवण्यापूर्वी प्रत्येकीशी वेदनेबद्दल बोलावं आणि तिच्या पसंतीने वेदनाशमन ठरवावं.

देकार्तची घंटा आपण केव्हाच सोडली. तिच्या जागी बाईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तर मात्र आपण फारसं पुढे आलो नाही. आता प्रश्न घेऊ या.